टाचण्यांवरचा झगा

परदेशातल्या टॅम्पिनीस वस्तीत बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या विद्याला सगळे शिवणाच्या विद्याताई म्हणत. नवरा गोपीनाथ जहाजावर इंजिनिअर होता, सहा सहा महिने समुद्रावर. एकटीला घर खायला उठायचं म्हणून तिने कात्री हातात धरली, ती आजतागायत. बाई सातवी नापास, पण कुणी नुसतं दारातून आत आलं तरी कमरेचं माप अर्ध्या इंचात सांगायची. तिच्या हातचे ब्लाउज घालून इथल्या कितीतरी मराठी पोरी सासरी गेल्या. स्वतःची चैत्राली मात्र चौतिशीला आली तरी हार्बरफ्रंटच्या ऑफिसातच नांदत होती.

आणि शेवटी पसंत केला तो एलाय. बुकित तिमाहच्या शाळेत सुतारकाम शिकवणारा, अमेरिकेतल्या आमिश लोकांतला. ते लोक घरात वीज घेत नाहीत, घोडागाडीतून फिरतात. धर्माची दीक्षा घ्यायच्या आधीच हा घर सोडून निघाला, म्हणून वाळीत पडला नाही. आईची पत्रं येत. ती काही विमानात बसणार नव्हती. तिने निळं कापड पाठवलं, एप्रनसाठी पांढरं, आणि चार पानी पत्र.

"अंगठी नाही, मंगळसूत्र नाही, फोटो नाही," चैत्राली वाचून सांगू लागली. "फुलांच्या जागी सेलरीच्या भाजीच्या जुड्या. लग्न मंगळवारी नाहीतर गुरुवारी. नवरा दाढी राखतो ती लग्नानंतर."

"आपल्याकडे लग्नानंतर केस जातात," विद्या म्हणाली. "त्यांचं बरं, उगवतं तरी."

"आणि झगा नवरीनेच शिवायचा. गुंडी नाही, हूक नाही, सगळं टाचण्यांवर."

"म्हणजे बसता उठता टोचणार. सासूबाई लांब राहूनही कामाच्या आहेत."

दोघी हसल्या. शिवण लेकीची असली तरी मापं आणि कापणं आईचं; हसता हसताच विद्याने लेकीच्या कमरेला टेप लावली आणि तिचं हसू विरलं. साडेपंचवीस. गणपतीत ड्रेस शिवला तेव्हा अठ्ठावीस होती.

"जेवत नाहीस का गं?"

"लग्न आहे ना, आई. सगळ्याच बारीक होतात."

गोपीनाथच्या शेवटच्या वर्षी त्याच्या पँटी तिने तीनदा आत घेतल्या होत्या. दर वेळी खूश होऊन म्हणाली होती, पोट उतरलं हो, आता कसे शोभताय. तोही बिचारा लाजून हसायचा. चौथ्यांदा घ्यायची वेळच आली नाही.

शनिवारी एलाय आला तेव्हा पांढरं कापड कापायला घेतलं होतं. हा एप्रन पुढे कशावर घालायचा, असं विद्याने त्याला सहज विचारलं.

"नाही, आई. एकच दिवस. मग पेटीत."

"पेटीत कधीपर्यंत?"

एलायचं मराठी बेताचं. शब्द सापडेना, तेव्हा त्याने डोळे मिटले आणि दोन्ही हात छातीवर ठेवले. "तेव्हा घालतात. माझ्या आजीला पण."

कात्री कापडातच थांबली.

"आपल्याकडेही सवाष्णीला शालू नेसवून नेतात ना, आई," चैत्राली शांतपणे म्हणाली. "त्यात काय एवढं."

म्हणजे तिला ठाऊक होतं. पत्रातली तेवढी ओळ तिने वाचून दाखवली नव्हती.

विद्याने एलायला सेलरी आणायला खाली पिटाळलं आणि दार लावलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्याशी लपवाछपवी नको. दोन महिन्यांत अडीच इंच. घामाने ओले झालेले उशीचे अभ्रे मीच धुते. आणि डिसेंबरचं लग्न येत्या गुरुवारवर आणलंस."

चैत्रालीने टाचण्यांची डबी उघडली, मिटली. "मानेपाशी गाठ आहे. डॉक्टरांनी स्कॅन सांगितलाय. तीन आठवडे झाले. लग्न होऊ दे, मग करते."

"त्याला माहीत आहे?"

"नाही. कळलं तर तो दया म्हणून लग्न करेल, नाहीतर करणारच नाही. मला दोन्ही नको."

"माझ्याकडे बायका पोट आत ओढून माप देतात. ब्लाउज अंगात शिरेना की मग रडतं कोण? त्याच."

"एक दिवस, आई. एक दिवस मला कुणी आजारी म्हणून बघू नये."

विद्याने कात्री मिटून बाजूला ठेवली. मग ती म्हणाली, "झगा मी आत घेऊ देणार नाही. तुझ्या बापाच्या पँटी घेतल्या तेवढं पुरे. मंगळवारी स्कॅन, आणि त्याला आज सांगायचं. तू सांग, नाहीतर मी सांगते, माझ्या इंग्रजीत."

"तुझ्या इंग्रजीत त्याला वाटेल तूच आजारी आहेस."

पण सांगितलं चैत्रालीनेच. एलाय दोन्ही हातांत जुड्या घेऊन दारात उभा असतानाच. त्याने सेलरी मोरीत ठेवली, नळाखाली हात धुतले, बराच वेळ धुतले. मग विचारलं, "मंगळवारी किती वाजता?"

मंगळवारी तिघं एमआरटीच्या मेट्रोने इस्पितळात गेले. स्कॅनला फार वेळ लागला नाही. लागला तो नंतर. आधी आलेले लोक निघून गेले, नंतर आलेलेही गेले. मग नाव पुकारलं.

डॉक्टर कोवळी पोर होती. स्क्रीनकडे बघून झालं, मग तिघांकडे बघून झालं, मग तिने नर्सच्या कानात काही सांगितलं. नर्सने दोन खुर्च्या आणल्या आणि तिसरीसाठी परत गेली. एलायने चैत्रालीचा हात घट्ट धरला होता. विद्याला धरायला पर्सचा पट्टा होता.

"मी उभी राहते," ती म्हणाली.

"बसा, आंटी," डॉक्टर म्हणाली, आणि स्वतः उठून तिने दार लावून घेतलं.