राजघाटावर सोडलेला काळू

आमच्या लोधीपुऱ्यात शालिग्रामभाऊंना न ओळखणारं घर नाही. तीस वर्षं हा माणूस बिजली ऑफिसचा मीटर रीडर होता. मीटरसमोर जो चेहरा, तोच लग्नात, तोच मयतीत. मी भिंतीला भिंत लागून राहणारा, त्यामुळे चिडवायचा हक्क माझा. एकदा म्हटलं, भाऊ, सासरी पहिल्यांदा गेलात तेव्हाही आधी मीटरच पाहिला असेल. तर म्हणाले, "पाहिला होता. बंद होता."

सुनंदावहिनी नेमक्या उलट. बोलायला माणूस कमी पडलं की माशांशी बोलायच्या. इतवाऱ्याच्या बाजारातून आणलेली काचेची पेटी होती त्यांची, आणि तिच्यात काच चाटून साफ ठेवणारा एक सकर मासा. काळा, खरबरीत, तोंड पोटाकडे. नाव काळू. एकदा पंपात अडकून त्याच्या शेपटीचा वरचा अर्धा भाग तुटला, तर वहिनींनी तिथे हळद लावली. माशाला हळद! गल्लीभर सांगत फिरलो होतो मी.

दोन-तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेरावं झाल्यावर भाऊ नुसते पेटीसमोर बसायचे. बाकीचे मासे एकेक करून मेले, काळू तेवढा उरला. तेव्हा अक्कल शिकवली ती मीच. म्हटलं, ताप्ती माईत सोडून द्या, जीव मोकळा होईल, वहिनींनाही पुण्य पोचेल. भाऊंनी तो स्टीलच्या डब्यात नेला, राजघाटाच्या खालच्या पायरीवर डबा आडवा केला. रडले नाहीत. डबा विसळला आणि घरी आले.

आता मी गप्प बसणारा आहे का? असं काही रंगवून सांगितलं की लोकांनी ते उचललंच. ज्याचा मासा पेटीत मावेना, तो निघाला राजघाटावर, अगरबत्ती घेऊन. दातांच्या दवाखान्यातल्या पेटीतले तर सहा मासे एकदम गेले.

या उन्हाळ्यात घाटावर जाळं टाकणारा धर्मेंद्र वैतागला. जाळ्यात आता निम्मे सकरच येतात. काट्यांनी जाळं फाडतात, खात कोणी नाही, आणि वर दुसऱ्या माशांची अंडीही चाटून नेतात, असं त्याचं म्हणणं. तो ते वाळूवर फेकतो. मरायला त्यांना दुपार होते.

भाऊ रोज सकाळी तिथे जाऊ लागले. काडीने एकेक मासा उलटायचे, शेपटी पाहायचे, पुढचा. रीडिंग घ्यावं तसं. काय शोधतात ते धर्मेंद्रला मीच सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुमचा निघाला तर घरी घेऊन जा. नदीत मात्र परत नाही टाकायचा."

त्याच दिवशी भाऊंनी पेटी घासली, पाणी भरलं, पंप चालू केला. महिनाभर रिकाम्या पेटीत बुडबुडे. मी म्हणायचो, भाऊ, पाणी पाळलंय का? ते मान हलवायचे.

परवा जाळं वर आलं आणि मला लांबूनच दिसलं. हातभर झालेला, शेपटीचा वरचा अर्धा भाग नाही. भाऊंनी तो दोन्ही हातांनी उचलला. पोट टम्म होतं. धर्मेंद्रने अंगठ्याने जरा दाबलं, तर पिवळी अंडी भाऊंच्या मनगटावर ओघळली. काळू मादी होता. एरवी या गोष्टीवर मी वर्षभर जगलो असतो.

"हाच का, काका?" धर्मेंद्रने विचारलं.

भाऊंनी वाळूवरच्या ढिगाकडे पाहिलं. धर्मेंद्रच्या फाटक्या जाळ्याकडे पाहिलं. "हे सगळे याचेच का?"

"याचे, त्याचे. कोणाकोणाला विचारू?"

"नाही," भाऊ म्हणाले. "हा नाही."

आणि ढिगावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग खालच्या पायरीवर बसून हात धुतले.

घरी पोचल्यावर त्यांनी पेटीचा पंप बंद केला आणि ओट्यावर येऊन मीटरसमोर उभे राहिले. लाल दिवा लुकलुकत होता.

"आता सावकाश लुकलुकतो," म्हणाले.