तिनं नावं दिली नाहीत

कुसुम गेल्याची बातमी मला कोणी दिली नाही, मीच सगळ्यांना दिली. हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून एकेकाला फोन लावत होतो आणि पलीकडून जो तो एकच बोलत होता, "अरेरे, फार शांत बाई होती हो." पहिल्यांदा ऐकून सोडून दिलं. मग सारखं तेच ऐकून डोकं फिरलं. शांत? कोण शांत? माझ्याशी संसार केलेली बाई शांत असती तर मी तिला केव्हाच खाऊन टाकली असती. तेरावं झाल्यावर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिला मंडळानं शोकसभा ठेवली, तिथंही तेच. त्यात आमचा जुना शेजारी मनोहर उठला, हातात माईक घेऊन गळा काढून म्हणाला, "वहिनी म्हणजे सोशिकपणाची मूर्ती... आम्हा कामगारांसाठी त्यांनी किती सोसलं." मी पहिल्या रांगेतून उठलो. म्हटलं, "मन्या, माईक ठेव. तिनं जे सोसलं ते तुमच्यासाठी नाही, तुमच्यामुळं." हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, दुःखात आहेत, बोलू द्या. दुःखात आहेच. पण ते मी रागानं बोललो होतो, आणि तो राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहितो.

मी सातवी शिकलेला, मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर. कुसुम मॅट्रिक होऊन घाटकोपरला आमच्या चाळीत आली आणि पोरगा शाळेत जायला लागला तशी ती कॉलेजात जायला लागली. समाजशास्त्र घेऊन बीए झाली. मग म्हणाली, युनिव्हर्सिटीत समाजशास्त्राच्या जोडीला पर्सोनेल मॅनेजमेंट शिकता येतं, मी शिकणार. आता त्याला एचआर म्हणतात. ऐंशीच्या त्या काळात आम्हा कामगारांना पर्सोनेलचं एकच माहीत होतं, चार्जशीट तिथून येते. मी म्हटलं, "अगं, आमच्या मुळावर उठलेलं खातं ते. तेच कशाला शिकतेस?" तर म्हणाली, "म्हणूनच. त्या खुर्चीत आपल्यातलं कोणी बसायला नको का?"

समाजशास्त्राच्या बाई शिकवायच्या की माणसाचं घर बघा, गाव बघा, मग त्याच्याबद्दल बोला. मॅनेजमेंटचे सर शिकवायचे की माणूस वेळेवर कामाला कसा आणायचा. घरी येऊन भाकऱ्या थापता थापता ही एकटीच दोघांचं भांडण लावायची. आधी बाईंच्या बाजूनं बोलायची, मग सरांच्या, आणि मध्येच मला विचारायची, "अहो, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणायचो, "मला भूक लागलीये." हसायची... पण भांडण थांबवायची नाही.

शेवटच्या वर्षाला एखाद्या कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष अभ्यास करावा लागे. तिला भांडुपचा एक कारखाना मिळाला. मनोहर तिथंच कामाला होता आणि आमच्या चाळीतले बरेच जण तिथलेच. पर्सोनेलच्या साहेबानं तिला विषय दिला गैरहजेरीचा. गणपतीत निम्मं खातं आजारी पडतं, का ते शोधा. दुसरी कोणी असती तर प्रश्नांचे कागद घेऊन दारोदार फिरली असती. हिनं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. सगळ्या कामगारांच्या बायकांना बोलावलं. विधवांनाही बोलावलं, त्यावरून चाळीतल्या सासवा कुजबुजल्या. जयभीमवाल्या बायका कुंकू लावत नसत, त्यांना नुसता तिळगूळ आणि वाण म्हणून चहाची गाळणी. बायका बसल्या आणि बोलत्या झाल्या. मनोहरची बायको शीला म्हणाली, "वैनी, गणपतीक घराक नाय गेलंव तर भावकी काय म्हणतली?"

आम्ही कोकणातले, आम्हाला ते सांगायला नको. मूळ घरचा गणपती भावकीत पाळीनं असतो. आपल्या पाळीला माणूस हजर नसला की मान जातो आणि मानाच्या मागोमाग घरातला वाटाही जातो. कंपनी रजा देत नसे, म्हणून माणसं डॉक्टरकडून तापाचा दाखला घेऊन एसटीत बसत. आणि गंमत अशी की काम अडत नव्हतं. गणपतीत कोकणवाल्यांचं काम जयभीमवाले ओढायचे आणि चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला कोकणवाले त्यांचं. कामगारांनी आपसात ठरवलेलं होतं, कोणाला न विचारता. कुसुमनं नेमकं हेच मांडलं, की ही अदलाबदल उघडपणे मान्य करा, खोटे दाखले आपोआप बंद होतील. मला तर ते ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

साहेबानं तिला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, हे समाजशास्त्र छान आहे. आता कामाचं बोलू. खोटे दाखले कोण कोण देतं ते तुम्हाला माहीत आहे. नावं सांगा. आमच्याकडे वेल्फेअर ऑफिसरची जागा रिकामी आहे, लेडीज ऑफिसर आम्हाला हवीच आहे."

बघा. जिच्यासाठी एवढी वर्षं शिकली ती खुर्ची समोर ठेवली त्यानं. कुसुम म्हणाली, "साहेब, कारण शोधायला सांगितलंत, ते शोधलं. नावं त्या बायकांनी माझ्या घरात बसून विश्वासानं सांगितली, ती मिळणार नाहीत."

"मग अभ्यास पूर्ण झाला असा दाखलाही मिळणार नाही," तो म्हणाला.

खोट्या दाखल्यांच्या नावानं बोंब मारणारा माणूस, त्यानं हिचा खरा दाखला अडवला! ती युनिव्हर्सिटीत गेली. सर म्हणाले, कंपनीत शिकायला गेलात तर कंपनीचं ऐकायला हवं होतं. ते एकवेळ ठीक, निदान सरळ बोलले. पण ज्या बाई वर्गात सांगायच्या की विश्वासानं सांगणाऱ्याचं नाव कधी उघड करू नका, त्या बाई म्हणाल्या, "तुझं तत्त्व बरोबर आहे गं, पण पुढच्या मुलींना त्या कारखान्यात पाठवायचंय. संबंध बिघडवून कसं चालेल?" असलं तत्त्व काय करायचं? लोणचं घालायचं? कुसुमचं वर्ष गेलं.

आणि खरी वाट पुढंच लागली. केबिनमध्ये खुर्चीत बसून चहा पिताना तिला काचेतून सगळ्या खात्यानं पाहिलं होतं. महिनाभरानं मनोहर आणि आणखी दोघांना खोट्या दाखल्याबद्दल चार्जशीट मिळाली. झालं! चाळीनं ठरवून टाकलं की कुसुमनं चहावर नावं विकली. शीला नळावर तोंड फिरवायला लागली. ज्या बायका हळदीकुंकवाला बसून खिदळल्या होत्या त्यांच्या पोरी आमच्या दारावरून जाताना "साहेबीण, साहेबीण" म्हणायच्या. मी मनोहरची गचांडी धरायला निघालो तर हिनं दार अडवलं. मी ओरडलो, "मग जा, दे आता खरंच नावं. नाहीतरी बदनाम झालीसच, खुर्ची तरी मिळेल!"

ती म्हणाली, "ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या ते कामही आता करून टाकू?"

"निदान सांग तरी सगळ्यांना, की तू नाही सांगितलंस."

"चोर पण तेच सांगतो. बसा, जेवून घ्या."

याला शांत म्हणतात? त्या बाईच्या पोटात भट्टी होती. भांडी घासायची तेव्हा आवाज चाळीच्या टोकाला जायचा. पुढच्या वर्षी अंधेरीला दुसऱ्या कारखान्यात पुन्हा पहिल्यापासून अभ्यास केला, परीक्षा पास झाली, आणि जोगेश्वरीच्या एका छोट्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगच्या बायकांसाठी ऑफिसर म्हणून लागली. तिथं ती रिटायर होईपर्यंत मालकाशी एवढी भांडली की निरोपाच्या दिवशी मालक स्वतः म्हणाला, "आता मला झोप लागेल."

मनोहरचं नाव फोडलं होतं त्याच्याच चुलतभावानं. गावचा, भावकीतलाच, त्याच कारखान्यात. तेही कळलं केव्हा, तर त्या भावाला बढती मिळाल्यावर. मग मनोहर एकदा गावच्या जत्रेचं खाजं घेऊन आमच्या दारात आला. पुडी उंबऱ्यावर ठेवली, मान खाली घातली. गेला. मी पुडी गटारात टाकणार होतो. कुसुमनं ती उचलली, एक तुकडा तोंडात टाकला. "देवाघरचं आहे, त्याच्यावर कसला राग," म्हणाली. पण त्यानं माफी मागितली नाही हे ती विसरली नव्हती, एवढं मला माहीत आहे. आणि मनोहर, तू ती हॉलमध्ये माईकवरही मागितली नाहीस. सोशिक म्हणालास. तुम्हाला सोसणारी बाई आवडते, कारण मग सोसायला कोणी लावलं हे विचारावं लागत नाही.

त्या प्रकरणानंतर तिला एक सवय लागली ती कायमची. घरात कोणी दुसऱ्याबद्दल बोलायला लागलं की ती हात वर करायची. "नाव नको, गोष्ट सांग." सूनबाईंपासून मंडळाच्या अध्यक्षीणबाईंपर्यंत सगळ्यांना हाच नियम. त्यामुळं आमच्याकडे बायका कमी यायच्या, आणि ज्या यायच्या त्या मात्र पोटातलं बोलून जायच्या. परवा बिल्डिंगमधल्या एक बाई मला भेटायला आल्या. दोन मिनिटं कुसुमच्या खुर्चीकडे बघून डोळे पुसले, मग पुढं सरकून म्हणाल्या, "काका, तुम्हाला म्हणून सांगते हं, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या..." माझा हात आपोआप वर गेला. म्हटलं, "नाव नको. गोष्ट सांगा."

बाई थांबल्या. नाव वगळल्यावर त्यांच्याकडे सांगायला काहीच उरलं नव्हतं. चहा पिऊन गेल्या.