साहेबांच्या हाती देवाजीभाऊंचा रिमोट

साहेबांचा फोन आला की देवाजीभाऊ मेश्राम खुर्चीतून उठून उभे राहत. निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नाही. एकदा आमच्या ओसरीवर चहा घेताना त्यांचा फोन वाजला. पलीकडून कोणी मुलगी विमा घेता का म्हणून विचारत होती आणि देवाजीभाऊ कपबशी सांभाळत ताठ उभे राहून सांगत होते, "नाई जी, सध्या नाई जी. आपली परवानगी असन तं ठेवतो."

बाळांनो, तुमच्या तिकडच्या तळ्यावर रिमोटच्या बोटी पळताना तुम्ही मला दाखवल्यात, तेव्हा मला हे आमचे शेजारी आठवले. ते पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि कनिष्ठ म्हणूनच घरी आले. साहेब म्हणाले कालवा चढावरून जाईल, की ते चढावरून आखून देत. पाणी तेवढे साहेबांचे ऐकत नसे.

घरी बसल्यावर त्यांनी सागवानाची हातभर लांब बोट घडवली. आत छोटी मोटर आणि लिथियमची बॅटरी. तिला त्यांनी बायकोचे नाव दिले, शांता. आपल्या गावाचा मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांनी धानासाठी बांधलेला तलाव, हे त्यांचे नवे कार्यालय झाले आणि तिथे ते स्वतःच साहेब होते. बोट कोणालाही चालवायला देत, पण एका अटीवर. बॅटरी उतरत आली की हातातला रिमोट टीं-टीं वाजू लागे. तो वाजला की बोट काठाला आणायचीच.

"अजून चालून राह्यली ना, भाऊ?" कोणी म्हणालेच, तर त्यांचा आवाज चढे. "चालून राह्यली म्हणून काय मरेस्तोवर चालवतं का बे? हे टॉर्चचे सेल नाई. पूर्ण रिकामी झाली का मेली. मंग चार्ज करशीन तं पेटन. थोडा जीव ठेवून आणाव लागते."

घरात मात्र त्यांची सत्ता चालत नसे. शेजारच्या चंद्रपूरची वीज सगळ्या राज्याला जाते आणि आपल्याकडे लाईन जाते, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे इथल्या प्रत्येक घरात लाईन असेपर्यंत जे दिसेल ते गच्च चार्ज करून ठेवायची रीत आहे. देवाजीभाऊ बॅटरी अर्धी भरून कपाटात ठेवत, कारण भरलेली बॅटरी नुसती पडून राहिली की खराब होते. शांताबाई ती काढून पुन्हा पूर्ण भरत. "अर्ध्या पोटी ठेवते का कोणी? लाईन गेली मंग?" शेवटी एक बॅटरी पुरीसारखी फुगली. देवाजीभाऊंनी ती रेतीच्या मडक्यात घालून अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली. शांताबाई म्हणाल्या, "खाऊन-पिऊन फुगली. उपाशी तं नाई मेली ना!"

मग तलावाचे सुशोभीकरण झाले. म्हणजे चार बाक आले आणि एक कमान आली. उद्घाटनाला मुंबईहून मोठे साहेब येणार होते आणि त्यांच्या हस्ते 'शांता' पाण्यात सोडायची ठरली. देवाजीभाऊंनी नवी पँट शिवली. भादव्याचे दिवस, तलाव काठोकाठ, सांडव्यावरून पाणी धो-धो नाल्यात पडत होते. "बोट तिकडे गेली तं गेलीच, बाई," ते मला म्हणाले. "दुसरी आता माह्या हातून होत नाई. बोटं थरथरतेत."

साहेबांनी रिमोट घेतला तो सोडेनात. फोटो झाले, व्हिडिओ झाला. आणि रिमोट वाजू लागला.

"वा! हॉर्न पण आहे!" साहेब खूश झाले. भोवतीच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"साहेब, आणा जी परत," देवाजीभाऊ पुटपुटले.

"अजून एक फेरी मारू द्या हो साहेबांना," स्वीय सहायकाने त्यांना कोपराने मागे सारले. बोट सांडव्याकडे वळली. रिमोट केकाटत होता. देवाजीभाऊ पुन्हा पुढे सरकले. जन्मभर ज्या माणसाने "हो साहेब"च्या पुढे वाक्य नेले नाही, तो आता काय करणार? बोट गेली असे समजा, असे मी शेजारी उभ्या असलेल्या शांताबाईंना सांगणार होते.

"पुरे करा, साहेब," देवाजीभाऊ मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी रिमोट साहेबांच्या हातातून काढून घेतला.

टाळ्या थांबल्या. त्यांनी मोटर जोरात पळवली नाही. उरलासुरला जीव पुरवत, हळूहळू बोट वळवली. काठाजवळ येऊन ती थांबली तेव्हा ते नव्या पँटसकट पाण्यात उतरले आणि त्यांनी तिला लेकरासारखे उचलून घेतले.

"कोण आहे हा माणूस?" साहेबांनी विचारले.

"मी इथीच राह्यतो जी," मांडीभर पाण्यातून उत्तर आले. "तुम्ही तं संध्याकाळी जासान."

पंधरवड्यात तलावावर पाटी लागली: 'तलावात खेळण्यातील नौका चालविण्यास सक्त मनाई आहे.' गावात अशी नौका एकच होती. मला वाटले, भाऊ खचतील. ते तर पाहुण्यांना पाटी दाखवायला नेऊ लागले. "नोकरीत मले सरकारनं धड एक टेबल नाई देल्लं, बाई. आता माह्या एकट्यासाठी बोर्ड लावला!"

या हिवाळ्यात ते गेले. परवा पेंटर पाटी पुन्हा रंगवायला आला होता. शांताबाई माझ्यासोबत फिरायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या, चष्मा पुसून पाटी वाचली आणि त्याला म्हणाल्या, "बापू, अक्षरं जरा मोठी काढ."