टेक्स्ट रेकॉर्डमधला बोंबील

आमच्या महापेच्या ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. फ्रिजमधल्या डब्यांसारखे ते साचत जातात, आणि एक दिवस झाकण उघडलं की वास सुटतो!

आम्ही चौघं. सर, नीलेश, प्रज्ञा आणि दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारी मी. आम्ही एक लायब्ररी सांभाळतो, म्हणजे इतर प्रोग्रामरांनी उचलून वापरायचा तयार कोड. तिचं काम टेक्स्ट रेकॉर्ड वाचणं. प्रत्येक वेबसाइटच्या नावामागे इंटरनेटवर एक फळा असतो समजा, त्यावरचा मजकूर म्हणजे हे रेकॉर्ड. जगातला कोणीही तो वाचू शकतो. हे ‘कोणीही’ लक्षात असू द्या!

*

सरांचा नियम असा, की टेस्टिंगच्या फळ्यावर ‘अबक’ लिहायचं नाही, खरं वाक्य लिहायचं. तळवलीच्या नीलेशने लिहिलं, ‘आज डब्यात बोंबील हाय, कोनी मागू नये.’ तेच आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरण म्हणून गेलं. आठवड्याने एका परदेशी क्लायंटचा मेल आला, “बोंबील टाकला. पुढची स्टेप?”

त्याला अर्थ कळवला तर गडी खूश! तेव्हापासून उठला की आधी आमचा फळा भाषांतर करून वाचतो, आज आमच्या डब्यात काय आहे ते बघायला.

*

लांब मजकूर फळ्यावर तुकडे करून ठेवावा लागतो. वाचताना लायब्ररीने ते जसेच्या तसे चिकटवायचे. नीलेशने माणुसकी दाखवून दोन तुकड्यांमध्ये एकेक स्पेस सोडली. झालं! एका गिऱ्हाइकाचे मेल खरे आहेत हे पटवणारी, त्याच्या फळ्यावर लिहिलेली किल्लीच मोडली, आणि सगळे मेल स्पॅममध्ये.

प्रज्ञा ओरडली, “अरे, पार्किंगला जागा सोडतोयस का?”

*

प्रज्ञा दिघ्याची, जिभेला धार. नीलेशचा कोड माझ्याआधी तीच तपासायची. फळ्यावरचं बदललं तरी आपल्या मशीनला तासभर जुनंच दिसत राहतं. ज्याने इतक्यात वाचलेलं नाही त्याला मात्र नवं लगेच दिसतं. नीलेशला हे माहीत असूनही तो रिफ्रेश बडवत बसायचा. ती म्हणायची, “सारखं झाकण उघडून भात लवकर शिजतो काय रे?”

*

आणि मग प्रज्ञाला बंगलोरची नोकरी लागली. नीलेशचा तिच्यावर जीव आहे हे सरांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, पण तिला सांगायची याची छाती होईना. मला तर बघवत नव्हतं! शेवटच्या दिवशी सकाळी पठ्ठ्याने काय करावं? फळ्यावर लिहिलं!

दुपारी ती म्हणाली, “चला, शेवटची टेस्ट.” स्क्रीनवर उमटलं, ‘प्रज्ञा, तू चाललीस ते बरं झालं. आता माजा कोड कोनी तपासनार नाय, बोंबील कोनी मागनार नाय.’

तिचा चेहराच उतरला. “एवढंच ना? बरं,” म्हणत तिने बॅग उचलली.

नीलेश पांढराफटक. “अगं थांब, फुडं हाय!”

पुढे होतंच. पण स्पेसच्या प्रकरणाचा धसका घेऊन या शहाण्याने नव्या कोडमध्ये जोडाजोडीच बंद केली होती. पहिला तुकडा तेवढा द्यायचा, बाकीचे गेले उडत! प्रज्ञा पुन्हा खाली बसली, ती ओळ दुरुस्त केली, पुन्हा चालवलं.

‘असं जगायला मला जमनार नाय. माज्याशी लगीन करशील?’

तिने कीबोर्ड ओढला, काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली, “उत्तर फळ्यावर टाकलंय. वाच.”

नीलेश रिफ्रेश बडवतोय, बडवतोय, जुनंच दिसतंय! प्रज्ञा खिडकीबाहेर बघत चहा पितेय. सर देवाचं नाव घेतायत. तेवढ्यात माझ्याकडे मेल आला, नुकत्याच उठलेल्या त्या परदेशी क्लायंटचा. मी मोठ्याने वाचला.

“अभिनंदन! जेवणात बोंबील असेल ना?”