पेसामिनोचा लॅपटॉप

आमचा आलापाती हाताने गुणी, पण डोक्याने उतावळा. मी त्याची थोरली बहीण आहे, म्हणून बोलायचा हक्क मला आहे. आमच्या बेटावरच्या सालेलोलोगा बंदराच्या धक्क्यावर माझी कोकोची टपरी, आणि तिला टेकून त्याचं दुरुस्तीचं टेबल. न्यूझीलंडहून नातेवाइकांनी धाडलेले जुनेपाने लॅपटॉप तो जिवंत करी. रीत ठरलेली: मशीन अडलं की आधी सिक्युअर बूट बंद करायचं, म्हणजे दारावरचा पहारा उठवायचा, आणि आपल्या पेन ड्राइव्हवरून ते सुरू करून आतला माल बाहेर काढायचा. जुन्या मशीनना ही मात्रा हमखास लागू पडे.

मेरीपा मावशी मुलाचा लॅपटॉप पोटाशी धरून आली. पेसामिनो ऑकलंडला शिकायला गेला आणि शवपेटीतून परत आला. चर्चमध्ये त्याच्या गळ्याला तोड नव्हती. त्याने स्वतः रचून गायलेली गाणी त्या लॅपटॉपमध्ये होती, दुसरीकडे कुठेच नाही.

"सुरूच होत नाही रे. कंपनीचं नाव येतं आणि तिथंच अडून बसतं," मावशी म्हणाली. "एकदा त्याचा आवाज ऐकव. मग मेले तरी चालेल."

"मरायची कसली घाई, मावशी? ताईचा कोको संपेस्तोवर गाणं लावतो."

त्याने पहारा उठवला. मशीन सुरू झालं, पण निळ्या पडद्यावर लांबलचक आकड्यांची किल्ली मागू लागलं. सिक्युअर बूट पुन्हा चालू करून गप्प बसला असता तर कदाचित निभावलं असतं. पण हा घाबरला, आणि जुन्या मशीनवर करायचा तसं सुरक्षेची चिपच पुसून बसला. नव्या मशीनमधला माल कुलूपबंद असतो, आणि ते कुलूप आपोआप उघडायची सोय त्या चिपमध्येच होती. आता किल्लीवाचून काही उघडणार नव्हतं.

"मावशी, किल्ली त्याच्या इंटरनेटवरच्या खात्यात असेल. खातं उघडायला त्याचा फोन लागेल. कुठंय फोन?"

मावशीने पेला खाली ठेवला. "त्याच्या हातात."

पेसामिनोची कबर तिच्या घरासमोरच आहे, वर काँक्रीट आणि पांढरा रंग. जिवंतपणी फोन त्याच्या हातून सुटत नसे, म्हणून जातानाही तिने तो त्याच्या मुठीत दिला होता. उकरायचं म्हटलं तरी ओल्या, खारट मातीत फोन कसला टिकतो?

मावशी गेल्यावर मी आलापातीवर खेकसले. "हे आधी विचारायला तोंड शिवलं होतं का तुझं? नाडी न बघता चाकू चालवतोस!"

राजधानी आपियातल्या जाणकारांनाही त्याने मशीन दाखवलं. त्यांनी मान हलवून परत दिलं. मग तो माझ्या दारात आला. "ताई, तुझी लग्नातली बारीक विणीची चटई दे. मला इफोंगा करायचाय."

"लॅपटॉपसाठी? अरे, माणूस मारल्यावर त्याच्या घरच्यांची माफी मागायला डोक्यावर चटई घेऊन बसतात दारात! लोक हसतील."

"हसू देत. पेसामिनो आजाराने मेला. त्याचा आवाज मी मारला."

माझा राग तिथेच संपला.

उजाडता उजाडता तो मावशीच्या अंगणात बसला, मान खाली, डोक्यावर माझी चटई. मागे मी बसले, कारण लाज घराण्याची असते. रस्त्यावरून कुणीतरी ओरडलंच, "काय रे आलापाती, मशीनची माफी मागतोस होय?" ऊन चढलं. घरचे चिडले तर दगडही मारू शकतात. माफ केलं तर चटई उचलतात. मला भीती वाटत होती.

मावशी बाहेर आली आणि तिने चटई उचलली. मला हायसं वाटलं.

"ऊठ," ती म्हणाली. तो उठेना. "ऊठ रे बाळा. तू विचारलं नाहीस, एवढंच. फोन त्याच्या मुठीत मी कोंबला. मी कुणाच्या दारात बसू?"

ती तशीच कबरीकडे गेली. त्या पांढऱ्या काँक्रीटसमोर मांडी घातली आणि माझी चटई स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतली.

ती चटई उचलायला कोणी येणार नव्हतं.