यहयाचा न भरणारा बॉक्स

बर दुबईतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आधी सोफा आला की बॉक्स, यावर अन्वरी आणि यहया अठरा वर्षं भांडले. अन्वरीचं म्हणणं, सोफा. यहयाचं म्हणणं, बॉक्स. लोक बॉक्सवर बसायला लागले म्हणून नाइलाजाने सोफा.

बॉक्स म्हणजे कमरेइतका उंच पुठ्ठ्याचा खोका. फिलिपिनो माणूस घर सोडून आला की असा एक खोका कोपऱ्यात मांडतो, महिनोन्‌महिने भरतो आणि जहाजाने गावाकडे धाडतो. यहयाचं गाव इलोइलो. लग्नासाठी मुसलमान होण्याआधी तो रोहेलिओ होता, आणि आईसाठी शेवटपर्यंत तोतो. दाभोळच्या अन्वरीला तो भेटला दातांच्या दवाखान्यात. ती रिसेप्शनला, तो सुजलेला गाल धरून. आठवडाभर रुवैसच्या रिफायनरीत क्रेन चालवायचा, सुट्टीला बसने घरी यायचा. दारात पाय ठेवला की बायको नाही, मुलगी नाही, पहिली नजर कोपऱ्याकडे.

"अनबरी! माझी बॉक्स कोण हलबला?"

मराठीतलं बाई-पुरुष त्याला कधी जमलं नाही, आणि 'व' तर उभ्या जन्मात नाही. वस्तू दाखवायची तर बोटाऐवजी ओठ पुढे काढायचा. 'हो' म्हणायचं तर नुसत्या भुवया उडवायचा. अन्वरीच्या बावांनी, म्हणजे वलीभाईंनी, पहिल्याच भेटीत विचारलं, "माझ्या पोरीला नीट सांभाळशील ना?" याने भुवया उडवल्या. वलीभाई तीन दिवस घुश्शात. "मलाच उलटं विचारतो, का म्हणून!"

बॉक्सचा कायदा एकच: आत पोकळी नको. बुटांत साबण, मगांत मोजे, मोज्यांत चॉकलेटं. अन्वरीने चुकून एखादा कोपरा मोकळा सोडला की आरडाओरडा. "हबा पाठबते काय? हबा तिकडे पण आहे!" एकदा तिला साबणाच्या कागदावर 'मेड इन फिलिपिन्स' सापडलं. तिला वाटलं, आज हा बरा सापडला.

"यहया, तिथनं आलेला साबण परत तिथेच चालला!"

"दुबई बघून आला ना," यहया शांतपणे म्हणाला आणि तो एका बुटात कोंबला.

मार्चमध्ये यहया गेला. रुवैसहून फोन आला, क्रेनवरून उतरला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि खलास. बॉक्स निम्मा भरलेला तसाच राहिला.

स्वतः मुसलमान झाला तरी आईच्या ख्रिसमसचा बॉक्स त्याने एकदाही चुकवला नव्हता. डिसेंबरात पोचायचा तर ऑक्टोबरात निघायला हवा. कार्गोवाल्या मुनीरचे तीन फोन येऊन गेले.

"बाजी, बॉक्स रेडी?"

"भरा नहीं अभी. नेक्स्ट वीक, इन्शाल्ला."

खरं तर सोळा वर्षांची नबिला शाळेतून येताना रोज काहीतरी आणून त्यात टाकत होती. तरी बॉक्स भरायचं नाव घेईना. कारण नबिला शाळेत गेली की अन्वरी त्यातल्या दोन वस्तू बाहेर काढायची. बॉक्स गेला की यहयाचं या घरातलं शेवटचं काम संपलं, आणि त्या रिकाम्या कोपऱ्यासमोर बसून चहा प्यायचा, एवढंच तिला नको होतं.

पण चोरी पचवणं तिला कुठलं यायला!

"अम्मी, सिन्स व्हेन डू वी यूज स्ट्रॉबेरी टूथपेस्ट?"

"सेलमध्ये होती. पाच दिरहम. सव्वाशे रुपयांत कुठे मिळते?"

"अँड धिस कॉर्न्ड बीफ? फोर्थ टाइम धिस वीक."

"तुला आवडतं ना?"

"आय हेट इट!" नबिलाने चमचा खाली ठेवला. "ओ माय गॉड. अम्मी, यू आर ईटिंग द बॉक्स!"

रविवारी लोलाचा, म्हणजे नबिलाच्या आजीचा, इलोइलोहून व्हिडिओ कॉल आला, तेव्हा पोरीने सरळ चुगली केली. अन्वरीने डोक्यावरची ओढणी सारखी केली. आता सासू बोलणार. म्हातारी हसत सुटली. इतकी की कवळी सावरावी लागली. मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगू लागली. बॉक्स उघडायच्या दिवशी तोतो फोनवरून ओरडत असायचा. आधी हे काढा, ते त्याला द्या, पुतण्याला, जूनजूनला, दोन देऊ नका. शेजारीपाजारी ऐकायला जमायचे.

"नो शाउटिंग, नो क्रिसमस," लोला म्हणाली. "दिस टाइम, हू विल शाउट?"

अन्वरीने कोपऱ्यातल्या बॉक्सकडे पाहिलं. कुठलं पाकीट कुणाचं, हे यहयाने कधी लिहून ठेवलं नव्हतं. आता ते जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"आय विल," ती म्हणाली, आणि कॉल संपायच्या आत बाथरूममधून टूथपेस्ट घेऊन आली.

"अम्मी, इट्स यूज्ड!"

"मग नवी आणू. डबेपण आणायचेत. यल्ला, चप्पल घाल."

शनिवारी मुनीर आला. झाकण बसेना, म्हणून मायलेकी दोघी वर चढून बसल्या आणि तो खालून टेप मारू लागला. अन्वरीने तेवढ्यात फोन लावला.

"हॅलो, लोला? लिसन! ब्लू बॅग फर्स्ट नाही! फर्स्ट टॉवेल्स! अँड जूनजून, ओन्ली वन चॉकलेट! वन! लास्ट इयर ही टूक थ्री, आय नो!"

मुनीर टेप हातात धरून बघत राहिला. "बाजी, बॉक्स तो अभी यहीं है."

"तू टेप लगा," अन्वरी झाकणावरून न हलता म्हणाली. "इन लोगों को दो महीना पहले से बोलना पड़ता है."