फेस बसू न देता

घरमालकीण मावशी नसत्या तर मी आज हिमायतनगरच्या पुढं, आमच्या गावात परत जाऊन बसले असते. हे आधी सांगते, मग बाकीचं.

नववीत माझी शाळा सुटली. लातूरला क्लासच्या रस्त्यावर एका कॅफेत कप धुवायला लागले आणि मावशींची मागची खोली भाड्यानं घेतली. मावशी सरकारी दवाखान्यातून आया म्हणून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. कॅफेत मशीनवर कॉफी करणारा माणूस हैदराबादला निघाला, तेव्हा मालक मला म्हणाले, "सोमवारी एक कपुचिनो करून दाखव. दूध जमलं तर मशीन तुझी. न्हाई जमलं तर नवा माणूस येतोय, त्याची बायको कप धुणार हाय. मग तुझं तू बघ."

माझं मी काय बघणार? भाऊ मला गावाकडं न्यायला टपलेलाच होता.

तोवर मशीनला हात लावायचा नव्हता. म्हणून मावशींच्या स्वयंपाकघरात शिकायचं ठरलं. कॉफीच्या पुड्या, स्टीलचं उभं भांडं आणि ताकाची रवी. मोबाईलवरच्या व्हिडिओतला माणूस सांगत होता की कपुचिनोवर जाड फेस यायला दूध उकळू द्यायचं नाही. इथंच माझं डोकं फिरलं. आमच्याकडं न उकळलेलं दूध पाहुण्यापुढं ठेवत नाहीत. दूध वर येऊ द्यायचं, खाली बसवायचं, पुन्हा वर आलं की मग गॅस बंद. मी तसंच केलं. वर साय आली आणि रवी फिरवली तर बदाबदा मोठे बुडबुडे.

"धुणं काढलंस का पोरी?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, तो कच्चंच ठेव म्हणून राहिला. मालकाचं पोट बिघडलं म्हंजी?"

"अगं, पिशवीतलं दूध तापवूनच येतंय. भांड्याला हात लाव. हात ठेववंना झाला की उतरव. दवाखान्यात मी सगळं हातानंच बघितलं."

मग फेस येऊ लागला. भांडं ओट्यावर हळू आपटलं की मोठे बुडबुडे फुटायचे आणि खाली बारीक, मऊ फेस राहायचा. पण कपात गेला की सगळं सपाट. मी पिशवी बदलली, पुडी बदलली, रवी सोडून चमचा घेतला. काहीच कळेना. रात्री झोप लागेना.

एका संध्याकाळी मावशी स्टुलावर बसून बघत होत्या. "ओतल्यावर थांबतीस कशाला?"

"कुठं थांबते?"

"थांबतीस की. फेस बसायची वाट बघतीस आणि वरून दूध घालतीस."

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आई घरी दूध विकते. गिऱ्हाईक मापाकडं बघत उभं असतं. आई फेस खाली जाईपर्यंत थांबते आणि रिकामी जागा दुधानं भरते. फेसाचं माप देणाऱ्याकडं गावात दुसऱ्यांदा कुणी जात नाही. ते वळण माझ्या हातात उतरलं होतं.

"पण मावशी, अर्धा कप फेस देऊन अख्ख्या कपाचे पैसे घ्यायचे? ही लबाडी न्हाई का?"

"मला बी नीट कळंना. पण मागणाऱ्याला फेसच पाहिजे आणि तू तो मोडून दूध भरलंस, तर ती बी फसवणूकच झाली की. आण इकडं, न थांबता."

त्यांनी घोट घेतला. वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली.

"कशी झाली?"

"गरम हाय."

यावरून काय समजायचं, ते मला कळलं नाही.

सोमवारी मालकांनी कॉफी काढून दिली. वाफेच्या नळीखाली दूध मी धरलं, हाताला चटका बसताच काढलं, भांडं आपटलं, ओतलं. हात थांबू बघत होता. मी कप तसाच त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी चमच्यानं फेस दाबून बघितला, प्यायले, आणि म्हणाले, "कप धुवायला दुसरी बाई बघावी लागंल."

"मला काढलं का?"

"येडी हाईस का? मशीनवर उभी राहा उद्यापासून."

पुढं शेजारच्या काकूंकडून कळलं की तेवढे दिवस मावशी कोरा चहा पिऊन राहिल्या. घरात एकच पिशवी यायची आणि ती माझ्या रवीखाली जायची. विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टरनंच दूध कमी कर म्हणलं होतं." खरं की खोटं, अजून कळलेलं नाही. अर्धा कप फेस देणं बरोबर की चूक, तेही नाही.

मावशींची थोरली बहीण शिरूर अनंतपाळला असते. मावशींच्या गुडघ्याला एसटीची पायरी सोसत नाही, म्हणून दोघी फोनवरच बोलतात. मशीन मिळाल्यापासून मला रविवारचीही सुट्टी नाही, आणि नवं काम म्हणून मागायची भीती वाटते. पण एक दिवस मागणार. दाराशी रिक्षा आणणार, मावशींना हाताला धरून बसवणार आणि बहिणीच्या दारात नेऊन उतरवणार. हे लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.